औषधाच्या दुधाचा दर कोण देणार?

म्हशीला दगडी (कासेची सूज, म्हणजे मस्टायटिस) झाली की सडात ट्यूब सोडली जाते, मानेत इंजेक्शन टोचले जाते आणि संध्याकाळची धार नेहमीच्या किटलीतून डेअरीला जाते. कोल्हापूर जिल्ह्यात करवीरपासून चंदगडपर्यंत बाराही तालुक्यांत हे घडते. ज्याच्या गोठ्यात घडते त्याला त्यात काही गैर आहे असे वाटत नाही, कारण दूध दिसायला ठीक असते, फॅट लागते, लॅक्टोमीटरची डिग्री लागते आणि बिल निघते. गाठी आलेल्या सडाची धार तो बाजूला काढतो. बाकीच्या तीन सडांचे दूध चांगले, असा त्याचा समज असतो.

दुधातले, अंड्यातले आणि मटणातले प्रतिजैविकांचे (अँटिबायोटिक्सचे) अंश यावर आपल्याकडे कायदा नाही, असे अनेकांना वाटते. कायदा आहे, आणि तो बऱ्यापैकी कडक आहे. तरीही तो गोठ्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही. त्याला तिथपर्यंत न्यायचे असेल तर दंड वाढवून भागणार नाही. औषध दिल्याचे स्वतःहून सांगून दूध वेगळे काढणाऱ्या उत्पादकाला त्या वेगळ्या काढलेल्या दुधाचा पूर्ण दर मिळाला पाहिजे. हा दर दूध संघांनी द्यावा आणि त्यातला वाटा शहरातल्या ग्राहकाने उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी कायदा पाहू. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम २१ नुसार अन्नात पशुवैद्यकीय औषधांचे आणि प्रतिजैविकांचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असता कामा नयेत. त्याच कायद्याचे कलम १८ चे तिसरे पोटकलम सांगते की हा कायदा शेतकऱ्याला आणि शेतावरच्या पशुधनाला लागू नाही. म्हणजे दूध हे उत्पादकाच्या किटलीत असेपर्यंत कायद्याच्या बाहेर असते आणि संस्थेच्या कॅनमध्ये पडले की कायद्याच्या आत येते. छोट्या शेतकऱ्याला अन्न निरीक्षकाच्या तावडीत न देण्याचा हेतू चांगलाच होता, आणि तो बदलू नये. पण याचा अर्थ असा की अंशांची कायदेशीर जबाबदारी पहिल्यांदा उभी राहते ती गावच्या दूध संस्थेच्या उंबऱ्यावर. हे संस्थांच्या चेअरमन-सचिवांना क्वचितच कोणी सांगितलेले असते.

दुसरा धागा औषधाच्या बाजूचा. औषध नियमांत जानेवारी २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांच्या औषधाच्या लेबलवर थांबायचे दिवस छापणे तेव्हापासून बंधनकारक झाले. थांबायचे दिवस म्हणजे शेवटच्या डोसपासून दूध, अंडी किंवा मांस खाण्यात येऊ न देण्याचा काळ. ज्या औषधासाठी असा काळ ठरलेला नाही, तिथे दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, कोंबडी आणि जनावरांच्या मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधावर खाद्य जनावरांसाठी बंदी आली, कारण माणसांच्या अतिदक्षता विभागात दुसरे काहीच चालत नाही तेव्हा ते वापरावे लागते. मार्च २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या गटांवरही तशीच बंदी आली. महाराष्ट्रात औषधे आणि अन्न ही दोन्ही खाती अन्न व औषध प्रशासनाच्या एकाच छपराखाली आहेत. त्यामुळे लेबल तपासणारा आणि दूध तपासणारा यांना एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय खरे तर नाही.

आता प्रमाण समजून घेऊ, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. दुधात पेनिसिलिनची कोडेक्सने (अन्नाची जागतिक मानके ठरवणाऱ्या संस्थेने) ठरवलेली आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम आहे. सडात सोडायच्या एखाद्या ट्यूबमध्ये ३०० मिलिग्रॅम पेनिसिलिन आहे असे धरा. म्हणजे ३ लाख मायक्रोग्रॅम. त्याला चाराने भागले की ७५ हजार लिटर दूध मर्यादेपर्यंत पोहोचते. त्या औषधाचा दहावा हिस्साच दुधातून बाहेर पडला असे मानले तरी साडेसात हजार लिटर होतात. एका म्हशीच्या एका सडातली एक ट्यूब जवळजवळ अख्खा टँकर बिघडवू शकते. 'एवढ्या दुधात एवढेसे औषध कुठे कळणार' हे वाक्य पेनिसिलिनच्या बाबतीत साफ खोटे ठरते. टेट्रासायक्लिनची मर्यादा मात्र लिटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. तिथे मिसळण झाली की नमुना मर्यादेखाली जातो आणि दोष झाकला जातो. टँकरवर एकच चाचणी करून निश्चिंत होणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

उकळल्यावर सगळे जाते, हा दुसरा गैरसमज. उकळीने जंतू मरतात. औषधाचे रेणू जंतू नसतात. पेनिसिलिनचा थोडा भाग उष्णतेने मोडतो, पण एन्रोफ्लॉक्सासिन किंवा जेंटामायसिनला उकळीने जवळजवळ काहीच होत नाही. पाश्चरायझेशन तर ७२ अंशांवर १५ सेकंदांचे असते. अंश असलेल्या दुधाचा घरातला पहिला पुरावा बहुधा विरजणात मिळतो. दही लागत नाही, किंवा लागले तरी ताराळ आणि पाणचट होते, कारण विरजणाचे जंतू याच औषधांनी मरतात. दोष विरजणाला आणि थंडीला दिला जातो.

चूक नेमकी कुठे होते, ते गोठ्यात पाहिले पाहिजे. एका सडात सोडलेले औषध रक्तात उतरते आणि रक्तातून उरलेल्या तीन सडांत पोहोचते, म्हणून चारही सडांचे दूध वेगळे काढावे लागते. थांबायचे दिवस शेवटच्या डोसपासून मोजायचे असतात; गोठ्यात ते पहिल्या डोसपासून मोजले जातात, म्हणजे तीन दिवसांचा उपचार असेल तर तिथेच दोन दिवस गळाले. 'लाँग ॲक्टिंग' इंजेक्शन सोयीचे वाटते, कारण एकच टोचणे. पण ते हळूहळू सुटते म्हणूनच लांब चालते, आणि दुधातही तितकेच लांब उतरते. लेबलवरचे दिवस त्या डोससाठी, त्या मार्गासाठी आणि त्या जनावरासाठी असतात. दुप्पट डोस दिला किंवा माणसाच्या मेडिकलमधले इंजेक्शन आणून टोचले, तर लेबलवरच्या दिवसांना काही अर्थ उरत नाही. आजारी जनावराचे यकृत आणि मूत्रपिंड मंद चालत असेल तर औषध अंगाबाहेर पडायला आणखी वेळ लागतो.

आटवतानाच्या ट्यूबची गोष्ट आणखी वेगळी. म्हैस आटवताना, म्हणजे विण्याआधी तिचे दूध बंद करताना, चारही सडांत सोडायचे औषध मुद्दाम अनेक आठवडे टिकेल असे बनवलेले असते. म्हैस ठरल्या तारखेच्या आधी व्याली तर ते औषध चिकात येते. आणि चीक म्हणजे खरवस, जो गल्लीत वाटला जातो, लहान मुलांना हौसेने दिला जातो. आटवलेली गाभण म्हैस बाजारात विकली तर घेणाऱ्याला तिच्या कासेत काय सोडले आहे याची कल्पनाच नसते. कानातल्या बारा अंकी पिवळ्या बिल्ल्याच्या नोंदीत लसीकरण आणि रेतन जसे चढते, तसाच उपचार आणि शेवटच्या डोसची तारीखही चढली पाहिजे, आणि ती खरेदीदाराला मोबाइलवर दिसली पाहिजे. यंत्रणा उभी आहे. तिच्यात एक रकाना शिस्तीने भरायचा आहे.

आणखी एक बारकावा. धार काढायच्या यंत्रावर औषध दिलेली म्हैस पहिल्यांदा घेतली तर तिचे दूध नळीत, पंज्यात आणि बादलीत राहते आणि पुढच्या तीन-चार जनावरांच्या दुधात उतरते. तिची धार सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या भांड्यात काढावी. मागच्या पायाला लाल फडके बांधावे, म्हणजे घरातला दुसरा माणूस धारेला बसला तरी चूक होत नाही. घरात सकाळची धार एकाची आणि संध्याकाळची दुसऱ्याची असते. बहुतेक घोटाळे या बदलीत होतात.

इतके सगळे माहीत असलेला उत्पादकही दूध डेअरीला का घालतो, याचे उत्तर आकड्यांत आहे. दिवसाला ८ लिटर देणारी म्हैस आणि लिटरला ५० रुपये दर धरू. उपचाराचे ३ दिवस आणि थांबायचे ७, असे १० दिवस. चार हजार रुपये गेले. डॉक्टरची फी आणि औषधाचा खर्च वेगळा. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या, पेंडेच्या पोत्याची उधारी असलेल्या कुटुंबाला हे सांगायचे की तुम्ही हे चार हजार कोल्हापूर, पुणे आणि मुंबईतल्या ग्राहकाच्या आरोग्यासाठी ओतून द्या. कोणी देणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणे न्यायाचेही नाही.

अमेरिकेत प्रत्येक टँकर प्रतिजैविकांसाठी तपासला जातो, दोषी आढळला तर ओतून दिला जातो आणि ज्याच्या दुधामुळे तो बिघडला त्याच्याकडून अख्ख्या टँकरची किंमत वसूल होते. तिथे हे चालते, कारण एकेका गोठ्यात शेकडो गाई असतात आणि मालकाला तो फटका सोसवतो. इथे दहा हजार लिटरच्या टँकरची किंमत पाच लाख रुपये होते. ती दोन म्हशींच्या मालकाकडून कशी वसूल करणार? असा नियम केला तर एकच होईल: औषध दिल्याचे कोणी कधीच कबूल करणार नाही.

म्हणून गणित उलट्या बाजूने मांडू. एका गावात ५०० दुभती जनावरे आहेत, सरासरी ६ लिटर देतात असे धरा. रोजचे ३ हजार लिटर, महिन्याचे ९० हजार. महिन्याला १० जनावरांवर प्रतिजैविकांचा उपचार झाला आणि प्रत्येकी चार हजारांची भरपाई दिली, तर ४० हजार रुपये होतात. लिटरमागे ४४ पैसे. उपचार २५ झाले तरी लिटरमागे एक रुपया अकरा पैसे. दुखणाईत म्हैस दूध कमी देते, तेव्हा खरा आकडा याच्याही खाली येईल. दिवाळीला उत्पादकांना मिळणाऱ्या दूध फरकातून (वर्षाच्या दुधावरच्या जादा रकमेतून) काही पैसे आणि पिशवीच्या किमतीतून काही पैसे, एवढ्यात हे बसते. 'प्रतिजैविकांच्या अंशांची गावपातळीवर तपासणी केलेले दूध' असे पिशवीवर छापता आले, तर ग्राहक लिटरला पन्नास पैसे जास्त देईल, याबद्दल आम्हाला शंका वाटत नाही.

खोटे उपचार दाखवून भरपाई उचलली जाईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर तीन अटी पुरेशा आहेत. भरपाई फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर, बिल्ल्याच्या नंबरासह मिळावी. वेगळे काढलेले दूध संस्थेत आणावे, मोजावे आणि तिथेच खाद्यरंग टाकून बाद करावे, म्हणजे ते दुसऱ्या दाराने परत येणार नाही. आणि त्या जनावराच्या मागच्या महिन्याच्या सरासरीपेक्षा जास्त दूध मोजले जाऊ नये. चिठ्ठीच्या अटीचा दुसराही फायदा आहे. कायद्याने डॉक्टर कोण आणि देखरेखीखाली किरकोळ उपचार करणारा कोण, हे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ मध्ये स्पष्ट आहे. गावात मात्र बॅग घेऊन येणारा प्रत्येकजण डॉक्टरच असतो. भरपाई चिठ्ठीला जोडली की उत्पादक स्वतःच खऱ्या डॉक्टरला बोलावील. संघांचे पशुवैद्यक नाही तरी गावोगाव फिरतच असतात.

बाद केलेले दूध कुठे टाकायचे, हेही ठरवून द्यावे लागेल. रेडकाला पाजू नये. त्याच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. गोबरगॅसमध्ये ओतू नये, गॅस तयार करणारे जंतू दबतात. ओढ्यात तर मुळीच नको, पंचगंगेवर आधीच पुरेसा भार आहे. शेणखताच्या खड्ड्यात, कोरड्या पालापाचोळ्यात जिरवून चांगले कुजू देणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

तपासणीसाठी कोल्हापूरच्या संस्थांकडे एक मोठी सोय आयतीच आहे. फॅटसाठी प्रत्येक सभासदाचा नमुना दोन्ही वेळेला घेतलाच जातो. त्यातले दहा मिलिलिटर बाटलीत ठेवा, फ्रिजमध्ये. दहा-दहा सभासदांचे समान दूध एकत्र करून त्यावर पट्टी चाचणी लावा. दहा मिनिटांच्या आत रेघ उमटते किंवा उमटत नाही. दोष दिसला तरच त्या दहा बाटल्या एकेक करून तपासायच्या. शंभर जणांचे दूध एकत्र केले तर एखाद्याचे अंश शंभरपट पातळ होऊन निसटतात. दहाच्या गटात पहिल्या दिवसांचे औषधी दूध सुटणे कठीण, कारण त्यात अंश मर्यादेच्या शेकडो पट असू शकतात. शेवटच्या एक-दोन दिवसांतले सुटू शकते, आणि ती उणीव मान्य करूनच पुढे जावे लागेल. रोज सगळे गट तपासायची गरज नाही. कोणता गट आज लागेल हे चिठ्ठी टाकून ठरवले तरी धाक राहतो.

पट्ट्यांची मर्यादाही माहीत हवी. पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन गटाची पट्टी जेंटामायसिनसारखी दुसऱ्या गटाची औषधे ओळखत नाही. म्हणून शीतकरण केंद्रावर जंतूंवर आधारलेली चाचणी हवी. तिच्यात उष्णतेला टिकणाऱ्या जंतूंचे बीजाणू असतात; ६४ अंशांवर तीनेक तास ठेवले की ते वाढतात आणि जांभळा रंग पिवळा होतो. रंग जांभळाच राहिला तर दुधात वाढ रोखणारे काहीतरी आहे. पण हे 'काहीतरी' नेहमी प्रतिजैविकच असते असे नाही. चिकात आणि दगडीच्या दुधात नैसर्गिकरीत्याही जंतुरोधक द्रव्ये असतात. कॅन धुतल्यावर राहिलेले जंतुनाशकही असा निकाल देते. म्हणून पहिल्या चाचणीवर कोणाला गुन्हेगार ठरवू नये. नमुना प्रयोगशाळेत निश्चित होईपर्यंत फक्त दूध बाजूला, माणूस नाही.

२०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. सव्वा टक्क्याच्या आसपास. हा आकडा पुढे करून काळजीचे कारण नाही असे म्हणता येईल. पण त्यातले बरेचसे दूध मिसळलेले होते, आणि मिसळण काय झाकते ते वर आलेच आहे. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीच्या कासेतून थेट ग्लासात येणाऱ्या दुधात ही मिसळणही नसते. धारोष्ण दुधाची ती परंपरा कोल्हापूरने टिकवावीच. मात्र कट्ट्यावर येणाऱ्या म्हशींच्या बिल्ल्यांची आणि उपचारांची वही तिथेच, कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी. पैलवानाला दूध पाजणाऱ्या गावाला हे जड नाही.

माणसेच डॉक्टरला न विचारता गोळ्या खातात, मग म्हशीच्या मागे का लागता, असे विचारले जाते. माणसांचा गैरवापर मोठा आहे, हे खरेच आहे. पण सेफ्ट्रायॅक्झोनसारखे औषध माणसाच्या न्यूमोनियालाही लागते आणि म्हशीच्या कासेलाही टोचले जाते. जंतूला त्यात फरक कळत नाही. आणि इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: अंश मर्यादेत आले म्हणजे प्रतिकारक जंतूंचा प्रश्न सुटला असे होत नाही. थांबायचे दिवस नीट पाळूनही गोठ्यात औषध बेसुमार वापरता येते, आणि ते जंतू शेणातून शेतात जातात. म्हणून अंशांच्या तपासणीबरोबर जिल्ह्यात पशुवैद्यकीय प्रतिजैविके किती विकली गेली, याचा तालुकावार आकडा दर वर्षी जाहीर झाला पाहिजे. वापर कमी करायचा मार्ग मात्र गोठ्यातच आहे. धार झाल्यावर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवणे, आणि नंतर अर्धा तास जनावर बसू नये म्हणून समोर वैरण टाकणे, कारण सडाचे तोंड तेवढा वेळ उघडे असते. आठवड्याला एकदा चार खणांच्या ताटलीत चारही सडांचे दूध घेऊन मस्टायटिसची चाचणी करणे. दुखणे इथे सापडले तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सांगितलेला कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप अनेकदा पुरतो. ताप असेल, म्हैस वैरण सोडत असेल, तर लेपावर विसंबू नये. तिथे प्रतिजैविक द्यायलाच हवे, आणि वेळेवर.

कोंबड्यांकडे वळलो तर चित्र अधिक सरळ आहे. ब्रॉयलर ४२ दिवसांच्या आत विकला जातो. लेबलवर दिवस ठरलेले नसतील तर २८ दिवस थांबायचे, म्हणजे असे औषध चौदाव्या दिवसानंतर देताच येत नाही. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. तेव्हा औषधाची नोंद आणि अंशांची जबाबदारीही कंपनीचीच असली पाहिजे, शेडमालकाची नाही. अंड्यांच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवावे की बलक भरायला दहाएक दिवस लागतात, त्यामुळे औषध बंद केल्यावरही ते त्यात उतरत राहते. बकऱ्याच्या मांसात काळजी काळीज आणि गुर्द्यांची: ऑक्सिटेट्रासायक्लिनची कोडेक्स मर्यादा मांसात किलोला २०० मायक्रोग्रॅम आणि मूत्रपिंडात १,२०० आहे, यावरून औषध कुठे साठते ते कळते. आठवडी बाजारातून थेट कत्तलखान्यात जाणाऱ्या बकऱ्याची उपचारनोंद आज कुठेच नसते. दुधाचे बसल्यावर हे हाती घ्यावे. सगळे एकदम करायला गेलो तर काहीच होणार नाही.

दुधातही एक अडचण अशी आहे की ती कोणताही एक संघ सोडवू शकत नाही. संस्थेने सकाळी परत केलेले दूध संध्याकाळी त्याच गावातल्या खासगी संकलन केंद्रावर घेतले जाते, थोडा दर कमी देऊन. चांगले वागणाऱ्या संस्थेचे सभासद तुटतात आणि दूध शेवटी बाजारात येतेच. म्हणून तपासणी आणि भरपाई एकाच तारखेपासून, जिल्ह्यात दूध घेणाऱ्या प्रत्येकाला लागू झाली पाहिजे, मग तो सहकारी संघ असो, खासगी डेअरी असो की टेम्पो घेऊन फिरणारा व्यापारी. संकलन केंद्राचा अन्न परवाना या अटीशी जोडण्याचे काम अन्न व औषध प्रशासनाचे, उपचारनोंदीचे काम पशुसंवर्धन विभागाचे, आणि या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांचे. संस्थांच्या येत्या वार्षिक सभांच्या विषयपत्रिकेत भरपाई निधीचा ठराव आला, तर त्या बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवायला कागद तयार असेल.